विळी, सुरी आणि शाळा



शाळेत बाल आनंद मेळावा भरतो. मुले पेरूच्या फोडी मांडतात; परंतु त्या फोडी बहुधा घरून आईने चिरून दिलेल्या असतात. मुलाच्या हाती सुरी देण्यास शिक्षकाचे मन धजत नाही. ही भीती रास्त आहे. तथापि तेच मूल घरी, कोणी न शिकविता, विळीवर बसते. जे हत्यार टळत नाही, ते नीट हाताळण्यास शिकविणे हाच सुरक्षिततेचा मार्ग होय.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाद्वारे शिक्षणाचा विचार मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे.

विळीचे पाते स्थिर असते व भाजी हलते. सुरीचे पाते हलते व भाजी स्थिर धरावी लागते. हा भेद प्रथम दाखवावा. आरंभ केळ्यापासून करावा, मग काकडी घ्यावी. काकडी घरंगळते; म्हणून शिक्षकाने ती उभी दुभागून द्यावी व मुलाने सपाट बाजू पाटावर टेकवावी. धरणाऱ्या हाताची बोटे आत मुडपलेली असावीत. सुरी हातोहात न देता खाली ठेवावी. निसटल्यास झेलू नये. बोथट सुरीला जोर अधिक लागतो व ती घसरते, म्हणून धार नीट असावी. एका वेळी थोडीच मुले बसवावीत आणि सुऱ्या मोजून द्याव्यात, मोजून घ्याव्यात. बोट कापल्यास स्वच्छ पाण्याने धुवून स्वच्छ कापडाने दाबून धरावे. जखम खोल असल्यास आरोग्य केंद्र गाठावे.

यातच विज्ञानाचा पाठही आहे. राहात्याचा पेरू व श्रीगोंद्याचे लिंबू आपल्या जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाचे आहेत. पेरूच्या काही फोडींना लिंबाचा रस लावावा, काही तशाच ठेवाव्यात. कोणत्या आधी तपकिरी होतात, ते मुलांनी पाहावे व कारण विचारावे. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरलेली भाजी पाण्यात ठेवल्यास क जीवनसत्त्व पाण्यात उतरते, हेही त्यांना सांगावे. शालेय पोषण आहार रोज जेवणाऱ्या मुलांस हे ज्ञान परके वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. सुरी मुलींच्या हाती व पुस्तक मुलांच्या हाती, अशी वाटणी शाळेत होता कामा नये. दोघांनीही चिरावे, दोघांनीही पाट धुवावा. स्वतः चिरलेली फोड शेजारच्यास देताना मुलाच्या मुखावर जे समाधान उमटते, तेच या पाठाचे खरे मूल्यमापन होय.