छपरांची एकजूट



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत सौर विजेवर बोलावे, याचे काहींस नवल वाटेल. आमचे शाळेतील शिक्षण थोडे. जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि वाटाघाटींच्या बैठकीत. विजेचे शास्त्र सांगणारे जाणते पुष्कळ आहेत. आम्हांस बोलावयाचे आहे ते सौद्याविषयी, आणि सौदा हा आमचा जन्माचा विषय आहे.

एकटा कामगार मालकापुढे उभा राहिला, की मालक देईल ती मजुरी त्यास घ्यावी लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांस एकत्र केले, तेव्हा कोठे १८९० साली रविवारची सुटी पदरात पडली. विकणाऱ्या श्रमिकाचे जे, तेच विकत घेणाऱ्या गृहस्थाचे. इंग्लंडातील रॉचडेल गावच्या २८ जणांनी १८४४ साली वर्गणी काढून स्वतःचे दुकान उघडले, ते चोख माल रास्त भावाने मिळावा म्हणूनच. ग्राहकानेही संघटित व्हावे लागते, हा तो धडा.

आता आपल्या छपराकडे पाहा. एक किलोवॉटच्या सौर संचाला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते, आणि आपल्या प्रदेशात तो दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतो. तीन किलोवॉटचा संच म्हणजे महिन्याला साडेतीनशे युनिटांच्या आसपास. दिवसा उरलेली वीज तारेवर जाते, रात्री लागणारी तारेवरून येते, आणि नेट मीटर दोहोंचा हिशेब ठेवतो. इतके समजणे अवघड नाही. अवघड आहे ते पुढचे. पॅनेल कोणत्या प्रतीचे? इन्व्हर्टर बिघडला तर कोण येणार? शेजारच्या टाकीची सावली दुपारी किती वीज खाईल? तीन विक्रेते येतात, तीन भाव सांगतात, आणि गृहस्थ गोंधळून म्हणतो, पुढच्या वर्षी पाहू.

हाच अनुभव अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या आग्नेय भागातील रहिवाशांस आला. २००९ साली त्यांनी ठरविले, की जे करावयाचे ते सर्वांनी मिळून करू. त्यांनी एक समिती नेमली, ठेकेदारांकडून भाव मागविले आणि एकाची निवड केली. समजावून सांगणाऱ्या सभा भरविल्या, आणि नाव नोंदविण्यास मुदत घातली. तीनशेहून अधिक लोकांनी नावे दिली, आणि सहा महिन्यांत सुमारे १३० घरांवर संच बसले. पुढे ही रीत अमेरिकेत अनेक गावांनी उचलली. लक्षात घ्या, तेथे सर्वांच्या पैशांची एक थैली केली नव्हती. प्रत्येकाचा करार ज्याचा त्याचा; भाव आणि अटी मात्र सर्वांच्या.

भाव उतरला तो कशाने? हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो, कारण स्वस्ताई कोणाच्या तरी खिशातून येत असते. सौर संच विकणाऱ्यास गिऱ्हाईक शोधण्यासाठी जाहिराती कराव्या लागतात, माणसे हिंडवावी लागतात. दहा घरे पाहावी तेव्हा एक पटते. हा सारा खर्च त्या एका घराच्या बिलात चढतो. शेजाऱ्यांनी आपण होऊन शंभर गिऱ्हाइके एकत्र आणून दिली, तर हा खर्च वाचतो. ही बचत प्रामाणिक होय. परंतु त्याखाली आणखी भाव पाडावा असा हट्ट धरला, तर ठेकेदार कोठे कात्री लावील? लोखंडी सांगाड्याच्या जाडीला, अर्थिंगला, आणि सर्वांत आधी छपरावर चढणाऱ्या मजुराच्या पट्ट्याला आणि मजुरीला.

बंधुभगिनींनो, तिसऱ्या मजल्याच्या उतरत्या पत्र्यावर, एप्रिलच्या उन्हात, कमरेला पट्टा न बांधता चढणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. आपली वीज स्वस्त व्हावी म्हणून त्यांचा जीव स्वस्त होणार असेल, तर त्या खरेदीस आम्ही सामुदायिक म्हणणार नाही. एकट्या गिऱ्हाइकाच्या हाती हे थांबविण्याची शक्ती नसते. शंभर गिऱ्हाइकांच्या हाती असते, आणि ज्याच्या हाती शक्ती त्याच्यावर जबाबदारी.

आणखी एक गोष्ट. तारेला जोडलेला साधा सौर संच, बॅटरी नसेल तर, वीज गेल्यावर बंद पडतो. पुष्कळांस हे बसविल्यानंतर कळते, आणि फसलो असे वाटते. पण त्यामागे कारण आहे. खांबावर वायरमन दुरुस्ती करीत असताना आपल्या छपरावरची वीज त्या तारेत उतरली, तर त्याचा प्राण जाईल. तो बंद पडणारा इन्व्हर्टर एका कामगाराचे रक्षण करीत असतो. हे विक्रेत्याने आधी सांगितले पाहिजे, आणि आपण ते समजून घेतले पाहिजे.

आपल्या देशात २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने घरांसाठी 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली. तिने पहिल्या २ किलोवॉटना किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे एका घरास अधिकात अधिक ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविले. गृहनिर्माण संस्थांच्या पंपासाठी, जिन्यातील दिव्यांसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये ठेवले. पिठाची गिरणी, लेथचे वर्कशॉप, शिलाईचा कारखाना यांस हे अनुदान नाही. पण त्यांचे काम दिवसाचे, म्हणून त्यांचीही बचत होऊ शकते. गल्लीतील घरे आणि दुकाने एकाच यादीत आली, तर दोघांचेही बळ वाढते. मात्र ज्याचे बिल मुळातच लहान आहे, त्याने हिशेब मांडल्यावाचून कर्ज काढू नये. यादी लांबविण्यासाठी गरिबाचे नाव घालणे हे संघटनेचे काम नव्हे.

मग करावयाचे काय? गल्लीत वीस-पंचवीस कुटुंबे जमवा. विक्रेत्याशी नाते वा दलाली नसलेल्या पाच जणांची समिती नेमा, आणि तीत स्त्रिया असू द्या. निदान तीन ठेकेदारांकडून लेखी भाव घ्या आणि ते सर्वांसमोर वाचा. करारात चार गोष्टी लिहून घ्या: पॅनेल व इन्व्हर्टर यांची हमी, बिघाड झाल्यास किती दिवसांत माणूस येईल, संच सुरू होऊन नेट मीटर लागेपर्यंत शेवटचा हप्ता नाही, आणि छपरावर चढणाऱ्या प्रत्येकास पट्टा, दोर, विमा व रास्त मजुरी. काम झाल्यावर समिती मोडू नका. पॅनेल पंचवीस वर्षे टिकावयाचे आहे. तितका काळ ठेकेदारास विचारणारे कोणी तरी हवे.

गाव करील ते राव काय करील, असे आपले वाडवडील म्हणत. सूर्य तर सर्वांच्याच छपरावर उगवतो. त्याची वीज रास्त भावाने घरात यावी, आणि ती आणणारा संध्याकाळी धडधाकट आपल्या घरी परतावा, एवढे आपण एकजुटीने करू शकतो.