नरिमन पॉइंटची बिल्डिंग आणि बाबांची फाइल

आजचा एपिसोड अंबाजोगाईहून, माझ्या खोलीतूनच रेकॉर्ड करतोय. मधेच लाइट गेली तर सांभाळून घ्या.

आज बोलायचंय एका बिल्डिंगबद्दल. मरीन ड्राइव्हवर फोटो काढताना तुमच्या फ्रेममध्ये ती शंभर वेळा आली असेल. नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंग. 23 मजली, 1974 ची, जॉन बर्गी या अमेरिकन आर्किटेक्टचं डिझाइन. 12 मार्च 1993 च्या साखळी स्फोटांत हिच्या पार्किंगमध्येही बॉम्ब फुटला होता. 2013 मध्ये कंपनीचं मुख्यालय दिल्लीला गेलं आणि मजले भाड्यानं जाऊ लागले. 2022 मध्ये टाटांनी एअर इंडिया घेतली, पण ही बिल्डिंग त्या व्यवहारात नव्हती. मार्च 2024 मध्ये केंद्रानं ती महाराष्ट्र सरकारला 1,601 कोटींना द्यायला मंजुरी दिली. अट एकच, पूर्ण रिकामी करून द्यायची.

आता तुम्ही म्हणाल, अंबाजोगाईच्या पोराला याचं काय?

सांगतो. काही वर्षांपूर्वी बाबा पेन्शनच्या एका अडकलेल्या फाइलसाठी मुंबईला गेले. लातूरहून रात्रीची रेल्वे, सकाळी सीएसएमटी. एका कचेरीत गेले तर कळलं, तो विभाग इथं बसतच नाही, दुसऱ्या इमारतीत आहे. तिथं पोचेपर्यंत साहेब मीटिंगला. परतीची गाडी त्याच रात्रीची. घरी आल्यावर बाबा चिडले नाहीत, नुसते म्हणाले, "पत्ता तरी नीट सांगायचा ना रे." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

2012 ला मंत्रालयात आग लागली. आजही काही विभाग मंत्रालयात, तर काही जीटी हॉस्पिटलच्या आवारातल्या इमारतीत. असं पांगलेलं सगळं एका जागी आणायचं, म्हणून ही बिल्डिंग. मंत्रालयापासून चालत जाण्याइतकी जवळ. कागदावर मला हे पटतं.

पाडून नवीन टॉवर का नको, असंही कुणी विचारेल. आमच्या फील्डमध्ये जुना कोड दिसला की नवीन पोरगं म्हणतं, सगळं पुन्हा लिहू. मीपण म्हणायचो. मग दोन वर्षं त्यात जातात आणि जुन्यात आधीच सुटलेले बग नव्यानं सापडतात. उभ्या सांगाड्यातलं सिमेंट-लोखंड म्हणजे आधीच झालेला खर्च, प्रदूषणासकट. पण सांगाडा तपासायलाच हवा. समुद्राच्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरतं, आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. पन्नाशीच्या इमारतीला नुसता रंग देऊन चालत नाही.

न्यूयॉर्कमध्ये 25 वॉटर स्ट्रीट या ऑफिस टॉवरची घरं केली, सुमारे 1,300. आतल्या खोल्यांना उजेड नव्हता, म्हणून इमारतीच्या मधोमध चौक कापून काढले. आपल्या वाड्याची आयडिया, अजून काय! आपल्याकडं ऑफिसचं ऑफिसच करायचंय, म्हणजे काम त्या मानानं सोपं. वायरिंग, लिफ्ट, आगीपासूनची व्यवस्था, एवढं तरी नवं लागेलच.

माझा मुद्दा तळमजल्याचा आहे. वरचे मजले साहेबांना द्या, हरकत नाही. तळमजला मात्र रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला द्या. सामान ठेवायला जागा, स्वच्छ संडास, पाणी, आणि एक खिडकी जिथं फाइलचा नंबर दिला की ती कुणाच्या टेबलावर आहे हे कळेल. हा सर्च काही अवघड नाही हो, आम्ही पोरं रोज यापेक्षा किचकट लिहितो. मंत्रालयात जायला आता डीजी प्रवेश नावाचं ॲप आहे. बाबांचा फोन बटणांचा. त्यांच्यासाठी माणूस बसलेली खिडकीच लागेल.

आणि खरं सांगू का, तो सर्च चालू झाला तर ती खिडकी मुंबईतच कशाला? आमच्याकडं वेगळ्या अंबाजोगाई जिल्ह्याची मागणी कित्येक वर्षांची आहे. ते होईल तेव्हा होईल. पण मी मुंबई-पुण्याच्या क्लायंटचं काम याच खोलीतून करतो, मग बाबांची फाइल इथल्या तहसीलमध्ये बसून का दिसू नये?

काल बाबांना या 1,601 कोटींबद्दल सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "तिथं तरी विभाग कुठल्या मजल्यावर ते बाहेर लिहितील ना?"