स्कान्सेन आणि खोताची वाडी

स्टॉकहोमला गेलात तर स्कान्सेन जरूर पाहा. कारखानदारीच्या रेट्यात खेड्यांतलं जुनं जगणं पुसलं जाईल, या काळजीपोटी आर्तुर हाझेलियस यांनी देशभरातली घरं उचलून टेकडीवर आणली आणि १८९१ मध्ये हे खुलं संग्रहालय सुरू केलं. जुन्या वेशातली माणसं तिथं जुनी कामं करून दाखवतात. संध्याकाळी मात्र ती आपापल्या घरी जातात.

मी गिरगावचा. आमच्या खोताच्या वाडीत लाकडी जिने, व्हरांडे आहेत आणि माणसं खरोखर राहतात. जवळच केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. पण वाडीतली जुनी घरं एकेक करून कमी झाली. पाहुण्यांना गेटवेसोबत ही वाडीही दाखवा. फोटो मात्र विचारूनच काढा. तिकीट लावून जपायची पाळी येण्याआधी ती राहती ठेवायला हवी.