राजापूर–चंद्र, व्हाया ओणी

(राजापूर येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला आज किशोरी मुलींच्या गटाच्या कामाविषयी बोलायला सांगितलं आहे. अशा वेळी आपण किती बैठका झाल्या, किती शिबिरं झाली, किती मुलींची रक्ततपासणी झाली ते सांगतो. ते सगळं अहवालात आहे, तो तुम्हाला मिळेल. मी आज एका खेळण्याबद्दल बोलणार आहे. त्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याखाली झाकलेली जी लांबलचक वस्तू दिसते आहे, तीच ती. भाषण संपल्यावर बघायला या, पण हात लावताना जपून. तिची मागची डावी बाजू अजून कच्ची आहे.

गोष्ट सुरू झाली गणपतीत. आपल्याकडे चाकरमानी आले की पिशव्यांतून काय काय येतं तुम्हाला माहीतच आहे. आमच्या गटातल्या एका मुलीच्या काकाने मुंबईहून पुतण्यासाठी ठोकळ्यांचं मोठं खोकं आणलं. वर अंतराळयानाचं चित्र होतं, कंपनीचं नाव कुठेच नव्हतं, आतल्या सूचना चिनी लिपीत. पोराने दोन दिवस झटापट केली, चिडला आणि सगळं माळ्यावर गेलं. बहिणीने ते खाली काढलं तर आजी म्हणाली, "पोराचा खेळ तुला काय करायचाय? भांडी पडलीत." मुलीने भांडी घासली आणि शनिवारी खोकं घेऊन गटात आली.

गटातल्या बाकीच्या मुलींनीही आपापली घरं धुंडाळली. गंमत म्हणजे अशी खोकी चार निघाली. एक कोल्हापूरच्या रस्त्यावरचं, एक जत्रेतलं, दोन मुंबईची. चारही भावांची आणि चारही अर्धवट सोडलेली. बहिणींच्या नावाने आलेल्या वस्तूंची यादी केली तर बाहुली, बांगड्या, भातुकली आणि एक हाताने फिरवायचं खोटं शिवणयंत्र, एवढीच निघाली.

हे ठोकळे मुळात लेगोची नक्कल आहेत. मला वाटायचं, नक्कल म्हणजे लबाडी. वाचलं तेव्हा कळलं की गोष्ट इतकी सरळ नाही. लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ साली सुरू केलेली लाकडी खेळण्यांची कंपनी. त्यांनी १९४९ साली प्लॅस्टिकचे ठोकळे काढले ते हिलरी पेज या इंग्रज गृहस्थाच्या ठोकळ्यांवरून. आतून नळ्या असलेली, घट्ट बसणारी रचना त्यांची स्वतःची. तिचा पेटंटसाठीचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. पेटंटची मुदत संपल्यावर ती रचना सगळ्यांसाठी खुली झाली. तेव्हा आमचे बिननावाचे ठोकळे म्हणजे नकलेची नक्कल! आणि याच कंपनीने १९७४ साली खोक्यात पालकांसाठी एक चिठ्ठी घातली होती. काहीतरी घडवण्याची ओढ सगळ्या मुलांत सारखीच असते, मुलगे असोत की मुली, असा तिचा आशय. तरी पुढे २०१२ साली मुलींसाठी म्हणून वेगळी, गुलाबी-जांभळी मालिका आलीच. तिच्याविरुद्ध बायकांनी सह्या गोळा केल्या. २०१४ साली एलन कोइमन या स्त्री-शास्त्रज्ञाच्या कल्पनेवरून तीन स्त्री-शास्त्रज्ञांचा छोटा संच निघाला, आणि तो बघता बघता संपला.

एक सूचना मध्येच देऊन ठेवते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचं आहे. आमच्या खोक्यांवर ते नव्हतं. असे बारीक तुकडे रांगत्या पोरांच्या हाती लागू देऊ नका.

चारही खोक्यांचे ठोकळे एका पातेल्यात ओतले. अडीच हजारांच्या आसपास भरले. नवा प्रश्न उभा राहिला तो बनवायचं काय हा. चित्रातलं टोकदार यान कुणालाच नको होतं. मी आपली शहाणपणाने विज्ञानकथांबद्दल सांगू लागले. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे सांगितलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती कथा मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवून काढली होती, हेही सांगितलं. त्यावर एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हंजे लिहिली बाईनं, बक्षीस जगतापाला!" तसं नव्हतं हे मी समजावलं, मंगलाताई स्वतः गणितज्ञ होत्या हेही सांगितलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आहे.

मग अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "आपण एस.टी. बनवूया. चंद्रावर जाणारी."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. या मुलीचं गाव तालुक्याच्या आतल्या बाजूला आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांचं म्हणणं खोटं नव्हतं, मी त्यांच्या बाजूची आहे. पण आधीच करोनात बुडालेलं शिक्षण, त्यात गाडी बंद. मोठ्या भावाला मोटारसायकल होती, तो गेला. हिला घरी बसवलं. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास पेटीत होता, पण गाडीच नसेल तर पास काय कामाचा? एक वर्ष बुडालं. त्या वर्षात तिला बघायला दोन स्थळं येऊन गेली. गटातल्या बायका घरी जाऊन बसल्या, बोलल्या, तेव्हा कुठे ती पुन्हा शाळेत गेली. तिला चंद्रापेक्षा गाडीत रस होता. "कधी बंद पडनार न्हाय अशी हवी," एवढंच ती म्हणाली.

तर ठरली अंतराळ एस.टी. लांबी तीन फूट, खाली सहा चाकं, मागे तीन नळकांडी, टपावर सूर्यावर चालणारी पत्र्याची पंख. पुढच्या पाटीवर 'राजापूर–चंद्र, व्हाया ओणी'. ओणी कशाला, विचारलं तर म्हणे, तिथे दोघीजणी चढणार आहेत.

आत काय असावं यावर तीन शनिवार गेले, आणि ते तीन शनिवार माझ्या दहा वर्षांच्या कामातले फार मोलाचे आहेत. चालक बाईच असणार यावर वाद झाला नाही. सुरेखा यादव १९८९ पासून रेल्वे चालवत होत्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या, हे त्यांना ठाऊक होतं. पण एस.टी.च्या चालकाच्या जागेवर बाई दिसायला जून २०२३ उजाडावा लागला, सासवड–नीरा मार्गावर, हे ऐकून त्या चकित झाल्या. वाद झाला तो मोरीवरून. एकीने चालकाच्या मागे चार ठोकळ्यांची खोली बांधली आणि म्हणाली, ही बायकांची, आतून कडी. दुसरी म्हणाली, यानात कसली मोरी? तेव्हा बोलणं उघडलं. सकाळी घरातून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत कोण कोण पाणी पीत नाही? बारा जणींपैकी नऊ हात वर झाले. पाळीच्या दिवसांत शाळा कोण चुकवतं? हात वर झाले नाहीत, माना खाली गेल्या. मी त्यांना सॅली राइडची गोष्ट सांगितली. १९८३ साली अंतराळात जाणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. आठवडाभराच्या प्रवासासाठी पाळीच्या वेळी लागणारे शंभर बोळे पुरतील ना, असं तिला तिथल्या इंजिनिअरांनी विचारलं होतं! चंद्रावर माणूस पोचवणाऱ्यांना एवढं माहीत नव्हतं. मुली इतक्या हसल्या की शेजारच्या घरातून बाई बघायला आली. मोरी राहिली. आरोग्य शिक्षणाचे जे तक्ते मी शहरातून आणले होते ते त्या दिवशी भिंतीवरच होते. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आता खरी गोष्ट. गाडी मोडायची. बिननावाच्या ठोकळ्यांची पकड एकसारखी नसते. काही इतके घट्ट की दाताने काढावे लागतात, काही नुसते ठेवल्यासारखे. सैल ठोकळ्यांत मुली प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीचा तुकडा घालून दाबायच्या, तेवढं भागायचं. पण गाडी उचलली की बरोबर मध्यातून खचायची आणि दोन तुकडे. तीनदा असं झालं. तिसऱ्या वेळी ती अकरावीची मुलगी रडली. मी काय केलं? मी विज्ञानाच्या एका शिक्षकांना निरोप पाठवला. पुढच्या शनिवारी ते येणार होते.

त्याआधीच, त्याच संध्याकाळी, तिची आई तिला न्यायला आली. या बाई बांधकामावर बिगारी आहेत. सकाळपासून डोक्यावरून चिरे वाहून आलेल्या, पायावर लाल माती तशीच. दारात उभ्या राहून त्यांनी ते तुकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अवो ताई, सांध्यावर सांधा आनलाव. भित उभी फाटनार न्हाय तर काय?"

आम्ही काय केलं होतं? खालची फरशी म्हणून लांब पट्ट्या टोकाला टोक लावून मांडल्या होत्या आणि वरचे थर बरोबर त्याच रेषेत चढवले होते. म्हणजे प्रत्येक थराचा सांधा एकाच जागी. जांभ्याच्या भिंतीत खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर वरच्या चिऱ्याचा मध्य येतो, हे आपण कोकणातल्या बायका रोज बघतो. बघतो, पण मी तरी त्याचा कधी विचार केला नव्हता. बाई खाली बसल्या. आधी हात पदराला पुसले. मग सगळी फरशी उकलली आणि अर्धी पट्टी सरकवून दुसरा थर घातला. कोपऱ्यात एक लांब, एक आखूड, असे आलटून पालटून ठोकळे लावले. मध्ये दोन आडव्या भिंती टाकल्या. "हितं तुमची मोरी करा," म्हणाल्या, "आडवी भित हवीच हाय, तिचा उपेग होईल." तासाभरात गाडी दोन्ही हातांनी उचलली. खचली नाही.

मुलगी आईकडे बघत राहिली. मला नंतर म्हणाली, आई हे करते हे मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं ते एवढंच, की आई चिरे वाहते.

मी बाईंना विचारलं, हे शिकलात कुठे? म्हणाल्या, अठरा वर्षं गवंड्याच्या हाताखाली आहे, डोळे मिटून थोडीच उभी असते? गवंडी जेवायला गेला की त्याची लाइनदोरी सरळ करून ठेवते, चुकीचा बसलेला चिरा आधीच सांगते. मग थापी का घेतली नाही? त्यावर त्या हसल्या. "बाईला गवंडी कोन म्हनंल?" गवंड्याच्या निम्म्याच्या आसपास त्यांची मजुरी. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. पण समान कामाला समान वेतन म्हणायचं, तर आधी ते काम तिचं आहे असं कुणीतरी मानायला हवं. कागदावर ती बिगारी, आणि बिगाऱ्यांत ती बायकी बिगारी. गवंडीकामात तिची तुलना करायला दुसरी बाईच नाही.

मैत्रिणींनो, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना मी लोकसहभागावर मोठा निबंध लिहिला होता. आणि गाडी मोडली तेव्हा मला शिक्षक आठवले. रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभी राहणारी बाई आठवली नाही. हे सांगायला मला आजही जड जातं. शिक्षक पुढच्या शनिवारी आले, त्यांनी गाडी पाहिली आणि रचना उत्तम आहे म्हणाले. कुणी केली ते मुलींनी सांगितलं तेव्हा ते मनापासून खूश झाले, हेही सांगितलं पाहिजे.

यानंतर बाईंनी ज्या ठेकेदाराकडे काम करतात त्याच्याकडे गोष्ट काढली. एक भिंत मला बांधू दे, पडली तर मजुरी कापून घे, असं म्हणाल्या. तो हसला. दुसऱ्या दिवशी पुरुष गडी त्यांना "काय गवंडीनबाय" म्हणून हाका मारू लागले. चार दिवस त्यांनी ते ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी घरी राहिल्या. एका दिवसाची मजुरी गेली. मी ठेकेदाराला भेटायला गेले. तो माझ्याशी फार नम्रपणे बोलला, चहा दिला आणि काहीही मान्य केलं नाही. तेव्हा इथे विजय वगैरे झालेला नाही. बाई आजही त्याच कामावर आहेत, चिरेच वाहतात.

एवढं मात्र झालं. आमच्या केंद्राच्या मागे मोरी नव्हती. ठोकळ्यांच्या गाडीत बायकांची मोरी आणि केंद्रात नाही, हे मुलींनीच माझ्या तोंडावर म्हटलं. पैसे थोडे जमवले. चिरे आणले. बांधकाम कुणाला द्यायचं यावर गटाच्या बैठकीत एकमत व्हायला वेळ लागला, आणि शंका काढणाऱ्या बायकाच होत्या, हे इथे लपवत नाही. "पावसात पडली तर?" म्हणाल्या. शेवटी दिलं. सहा दिवस त्या बाई थापी घेऊन भिंत बांधत होत्या आणि त्यांची मुलगी सुट्टीची म्हणून हाताखाली चिरे देत होती. ओळंबा शेजारच्या म्हाताऱ्या गवंड्याने दिला. पहिल्या दिवशी कुंपणाबाहेर बघे जमले होते, तिसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नाही. गेल्या वर्षीचा पाऊस तिने काढला आहे.

मजुरी देताना मी पावती लिहिली. कामाच्या रकान्यात 'गवंडीकाम' लिहिलं, दर गवंड्याचा लावला. हिशेब बघणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, इथे चुकून बाईचं नाव पडलंय का? मी म्हटलं, नाही. बाईंनी पावती मुलीकडून दोनदा वाचून घेतली आणि मग सावकाश सही केली. एक प्रत त्यांनी मागून घेतली आहे. ठेकेदाराला दाखवायची आहे म्हणतात.