मदतीनंतरचे काम
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आहार, औषध, ज्ञान आणि अभय असे चतुर्विध दान आपल्या परंपरेने सांगितले आहे. त्यांपैकी आहारदान आपल्या हातून सहज घडते. दुष्काळी आटपाडीत त्याचे प्रसंगही वारंवार येतात. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात माणदेशात चारा छावण्या उभ्या राहिल्या, मुकी जनावरे जगली. हे पुण्यकार्यच होय. परंतु छावणी उठल्यावर घरातील हातांना काम कोणते, हा प्रश्न मागे उरतो.

या दृष्टीने भारतीय जैन संघटनेचे किल्लारीचे कार्य मला विशेष मोलाचे वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली. धान्य-कपड्यांचा ओघ सुरू झाला. आम्हा कापडवाल्यांना तेच प्रथम सुचते! श्री. शांतिलाल मुथ्था यांनी मात्र भूकंपग्रस्त कुटुंबांतील १२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारून त्यांना पुण्यास आणले. त्यातूनच वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र आकारास आले. धान्याचे पोते महिन्यात संपते. मूल शिकवायचे म्हणजे वर्षानुवर्षांचा खर्च, निवास, आजारपण, रात्री घरच्या आठवणीने रडणाऱ्याला जवळ घेणे, हे सारे आले. देणगीची पावती फाडून हे काम संपत नाही.

आपल्या खानापूर-आटपाडीची मुले नातेवाइकांच्या हाताखाली गलाईचे काम शिकली आणि देशभर सोन्या-चांदीच्या बाजारपेठांत स्थिरावली. शिकविणारा भेटला, एवढेच त्यांचे भांडवल. मुलींना असा मार्ग क्वचितच मिळतो. त्यांच्यासाठी शिलाई यंत्रे वाटण्याची प्रथा आहे. पण माझा व्यवसायातील अनुभव असा, की यंत्र मिळालेली भगिनी बहुधा साडीला फॉल लावण्यावरच थांबते. ब्लाउजचे माप घेणे, कापड बेतणे तिला कोणी शिकविलेलेच नसते. तयार कपड्यांच्या या काळातही ब्लाउज शिवूनच घ्यावे लागते, आणि चांगल्या कारागिराकडे लग्नसराईत महिना-महिना नंबर लागत नाही.

सुवर्णमहोत्सवी निधीतून कमान बांधावी, अशी सूचना आली आहे. कमानीस माझा विरोध नाही. परंतु निधीचा निम्मा भाग राखून ठेवावा आणि आपल्या सभागृहात सहा महिन्यांचा शिवणवर्ग सुरू करावा, अशी माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे. वर्ग सर्व समाजांतील भगिनींना खुला असावा. शिक्षिकेस योग्य मानधन द्यावे. यंत्र वर्ग पूर्ण झाल्यावरच द्यावे, आधी नव्हे. सरावाचे कटपीस पहिले वर्षभर मी देईन. इतर कापड व्यापारी बंधूंनी आपली नावे आज सभा संपताच कार्यालयात नोंदवावीत.