हप्त्याचा आकडा कोण काढतो?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कपाशीला किती फवारण्या झाल्या, ते आपण बोटांवर मोजून सांगतो. ज्वारीचे कणीस हातात घेतले की उताऱ्याचा अंदाज येतो. पण पीक विम्याच्या हप्त्याचा दर कसा ठरला, असे कोणी विचारले की आपण सगळे गप्प. हा आकडा आभाळातून पडत नाही. तो काढणारा माणूस असतो. त्याला ॲक्च्युअरी म्हणतात, मराठीत विमागणिती. आज आम्ही या माणसाबद्दल आणि त्याच्या शिक्षणाबद्दल बोलणार आहोत.

त्याच्या हिशेबाचा गाभा साधा आहे. समजा, मंडळाचे कपाशीचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी ८ क्विंटल आहे. पीक कापणी प्रयोगात निघाले ६. तूट २५ टक्के. विमा रक्कम ४० हजार असेल तर भरपाई १० हजार. आता मागची १० वर्षे मांडा. एका वर्षी तूट २५ टक्के, एका वर्षी ५० टक्के, बाकी ८ वर्षे तूट नाही. बेरीज ७५, भागिले १०, म्हणजे साडेसात. शंभर रुपयांच्या विम्याला साडेसात रुपये ही झाली जोखमीची किंमत. त्यावर मोठ्या दुष्काळाची तरतूद आणि कंपनीचा खर्च चढतो.

विमा रकमेच्या जास्तीत जास्त ५ टक्के कपाशीला, २ टक्के खरीप ज्वारीला आणि दीड टक्का रब्बी ज्वारीला आपण भरायचे. वरचा भार सरकारचा. राज्यात २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला आणि हप्ता पुन्हा आपल्या खिशाला भिडला.

हिशेब चुकला तर काय होते? १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ कापसाचा विमा सुरू झाला. प्रत्येक शेताचा हिशेब वेगळा. पुढे ती योजना आणखी काही राज्यांत गेली. १९७८ पर्यंत शेतकरी आले ३,११०. हप्ता जमला ४ लाख ५४ हजार, भरपाई गेली ३७ लाख ८८ हजार. योजना गुंडाळावी लागली.

मग पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर पुढे आले. ते सांख्यिकी शिकलेले. एकेक शेत न धरता सगळा परिसर एक घटक धरा, असे त्यांनी मांडले. १९८५ ची देशव्यापी योजना त्याच पायावर उभी राहिली. तिच्यात कापूस नव्हता. १९९९ च्या योजनेत तो आला, आणि आला तो ॲक्च्युअरीने काढलेल्या दरानेच. तुमचे पीक गेले, पण मंडळाची सरासरी बरी निघाली, तर उत्पन्नावरची भरपाई मिळत नाही. त्याचे मूळही या परिसराच्या हिशेबातच आहे. एका माणसाच्या गणिताने लाखो घरांचे पदरात पडणे किंवा न पडणे ठरते, ते असे.

मग हे गणित आपली पोरे का शिकत नाहीत? बारावीला गणित पक्के हवे. पुढे सांख्यिकी किंवा गणितात बी.एस्सी. करता येते. काही विद्यापीठांत याच शास्त्राची वेगळी पदवी आहे. तिथे संभाव्यता, सांख्यिकी, व्याजाचे गणित, अर्थशास्त्र शिकवतात. पण नुसत्या पदवीने कोणी ॲक्च्युअरी होत नाही. २००६ च्या कायद्याखालच्या इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा द्यायची, मग एकामागून एक पेपर काढायचे. पुष्कळ जण नोकरी करता करता ते देतात. त्यात वर्षे जातात.

नोकऱ्या आयुर्विम्यात, आरोग्य विम्यात, सर्वसाधारण विम्यात, पुनर्विम्यात आहेत. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या हिशेबातही आहेत. विमा कंपनीला ॲक्च्युअरी नेमावाच लागतो, असा नियम आहे.

आम्ही खोटी आशा दाखवत नाही. पेपर अवघड, तेही इंग्रजीत. नापास होणारे पुष्कळ. यासाठी कोणी वावर विकू नका. पण मध्येच थांबावे लागले तरी सांख्यिकीची पदवी वाया जात नाही. शाळेत गणितात पुढे असलेली मुलगी घरात असेल, तर तिच्या लग्नाची घाई करण्याआधी मास्तरांना एवढे विचारा, की हिला सांख्यिकी झेपेल का?

आणि बाकीच्यांनी काय करायचे? ॲक्च्युअरी कितीही हुशार असो, त्याच्या टेबलावरचा आकडा आपल्याच शिवारातून जातो. कापणी प्रयोगाला हजर राहा. वजन आपल्या डोळ्यांदेखत होऊ द्या, आपल्या वहीत उतरवा. जास्त लिहिले तर यंदाची भरपाई बुडते, कमी लिहिले तर पुढचा दर चढतो. खोटे वजन त्या दिवशी संपत नाही. ते वर्षानुवर्षे हिशेबात नांदते.

आजवर आपला हिशेब दुसऱ्यांनी केला. निदान तो तपासणारे कोणी आपल्या घरात तयार होऊ द्या, एवढेच आमचे मागणे आहे.