मोल्सवर्थ : एका आडनावाची गोष्ट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शाळेत आपली खरी ओळख आडनावाने होती. हजेरीला आडनाव, मैदानावर आडनाव आणि शिक्षाही आडनावानेच! म्हणून आज एका आडनावाविषयीच बोलतो. आडनाव इंग्रजी आहे, पण मराठी शिकवणाऱ्या आपल्या सरांना आणि बाईंना ते चांगलेच परिचयाचे आहे : मोल्सवर्थ.

इंग्लंडातही एके काळी आडनावे नव्हती. १०६६ साली नॉर्मनांनी देश जिंकला, त्यानंतरच्या तीन-चारशे वर्षांत ती हळूहळू पक्की झाली. कोणाला धंद्यावरून नाव पडले : स्मिथ म्हणजे लोहार, फ्लेचर म्हणजे बाण करणारा. कोणाला बापावरून : जॉनचा मुलगा जॉन्सन. आणि पुष्कळांना गावावरून, आपल्या ‘कर’ मंडळींसारखे.

मोल्सवर्थ हे गावाचेच नाव. हंटिंग्डनशर परगण्यातले हे खेडे १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या सरकारी नोंदवहीतही सापडते. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आपली वाडीच म्हणा ना. मूल नावाच्या कोणा माणसाची वाडी, ती मोल्सवर्थ. हा मूल आपल्या मराठी मुलाबाळांतला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो! आपण ज्यांच्या कविता पाठ केल्या त्या वर्ड्सवर्थ यांच्या आडनावातले ‘वर्थ’ही हेच. शब्दांच्या मोलाशी त्याचा मुळात संबंध नाही.

पण गावात राहणाऱ्याला गावाचे नाव कोण लावणार? कोल्हापुरात सगळेच कोल्हापूरचे. गाव सोडून माणूस दुसरीकडे जातो, तेव्हा लोक विचारतात, ‘कुठला रे तू?’ त्याचे उत्तर म्हणजे असे आडनाव. मोल्सवर्थ हे नावही असेच दूर गेले. आयर्लंडमधील रॉबर्ट मोल्सवर्थ यांना १७१६ मध्ये व्हायकाउंट ही उमरावकी मिळाली. डब्लिनमध्ये आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे.

याच आडनावाचे जेम्स टॉमस मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी म्हणून आपल्याकडे आले. कँडी बंधू आणि अनेक पंडितांच्या मदतीने त्यांनी मराठी-इंग्रजी शब्दकोश रचला. पहिली आवृत्ती १८३१ ची. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. पोथीतल्या शब्दांशेजारी त्यात शेतातले, स्वयंपाकघरातले, भांडणातलेही शब्द आहेत. आपल्या लोकांनी त्यांना ‘मोलेसर’ करून टाकले, आणि आज ‘मोल्सवर्थ बघ’ म्हटले की माणूस नव्हे, तो कोशच डोळ्यांपुढे येतो. गावाचे नाव माणसाला मिळाले आणि माणसाचे पुस्तकाला.

मित्रहो, आपल्या वर्गातही गावावरून आडनाव असलेले कितीतरी जण आहेत. त्यांच्यातल्या किती जणांनी ते गाव पाहिले आहे? ते कोणत्या पिढीने सोडले आणि का, हे सांगणारी माणसे घरात एक-दोनच उरली असतील. इंग्लंडातल्या खेड्याची नोंद सरकारी वहीत राहिली. आपल्या घराची नोंद आपणच करायची आहे. घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा. पुढच्या मेळाव्यात हजेरी घेऊ तेव्हा प्रत्येकाने आडनावाबरोबर त्याची गोष्टही सांगावी, एवढीच विनंती.